मणक्यातल्या पाण्याच्या गाठी: खेड्यातल्या घराने काय करावं, कोणत्या क्रमाने करावं

विदर्भातल्या खेड्यात पाठदुखीला कारण शोधत बसावं लागत नाही. पश्चिमेला कापूस वेचणं आणि सोयाबीन सोंगणं, पूर्वेला भंडारा-गोंदियाकडे चिखलात वाकून धानाची रोवणी. कंबर धरली की आधी बाम, मग दुकानातून आणलेली दुखण्याची गोळी, मग कुणीतरी "मणक्यात गॅप पडली" म्हणतं आणि कमरेला पट्टा येतो. बहुतेकांचं एवढ्यावर भागतं, कारण बहुतेकांची पाठदुखी खरोखर कामाचीच असते.

हा लेख उरलेल्या थोड्या लोकांसाठी आहे. त्यांच्या मणक्यात एका फीतकृमीच्या अळीने पाण्याच्या गाठी केलेल्या असतात. डॉक्टर त्याला हायडॅटिड म्हणतात. रिपोर्टावर कधी 'सिस्टिक इकायनोकॉकोसिस' असंही लिहिलेलं सापडतं. मणक्यात हा रोग क्वचितच होतो, पण ज्याला होतो त्याचे पाय जाऊ शकतात. ते वाचवायला मिळणारा वेळ फार थोडा असतो आणि आपल्याकडे तो वेळ मालिशवाल्याकडे, पट्ट्यात आणि "कापूस निघाला की जाऊ" यात जातो.

आधी हे येतं कुठून

कृमीचं नाव इकायनोकॉकस ग्रॅन्युलोसस. लांबी जेमतेम २ ते ७ मिलिमीटर, राहायची जागा कुत्र्याचं आतडं. बकरी, मेंढी, म्हैस, गाय किंवा डुकराच्या कलेजीत आणि फुप्फुसात पाण्याच्या गाठी असतात. तो भाग कच्चा कुत्र्याच्या पोटात गेला की गाठीतल्या अळ्यांचे कृमी होतात आणि साधारण सहा-सात आठवड्यांनी त्याच्या विष्ठेतून अंडी पडू लागतात. अंडी डोळ्यांना दिसत नाहीत. ती गवतावर, मातीत, भाजीवर, उघड्या पाण्यात आणि कुत्र्याच्या केसांतही असतात. दमट, सावलीच्या जागी महिनोन्‌महिने तग धरतात. कडक उन्हात सुकून मात्र मरतात. चरताना जनावर ती गिळतं, त्याच्या कलेजीत गाठ होते, आणि गाडी पुन्हा कुत्र्याकडे जाते.

या चक्रात माणसाचं काही काम नाही, तो चुकून सापडतो. न धुतलेल्या हाताने किंवा कच्च्या भाजीतून अंडं पोटात गेलं की अळी आतड्याची भिंत ओलांडून रक्तात शिरते. शंभरातल्या सत्तरेक रुग्णांत ती यकृतात थांबते, वीसेकांत फुप्फुसात. हाडापर्यंत पोचण्याचं प्रमाण अर्ध्या ते चार टक्क्यांपर्यंतच, पण त्यातले जवळपास निम्मे मणक्यात असतात आणि त्यातही छातीच्या पातळीवरचे मणके जास्त.

इथे दोन गैरसमज आधीच दूर केलेले बरे. गाठीची कलेजी खाल्ल्याने माणसाच्या अंगात गाठी होत नाहीत. त्यासाठी कुत्र्याच्या विष्ठेतलं अंडंच पोटात जावं लागतं. म्हणून आयुष्यात मटणाला हात न लावलेल्या माळकरी माणसालाही हा रोग होऊ शकतो. दुसरं, हा रोग माणसापासून माणसाला लागत नाही. रुग्णाची ताट-वाटी वेगळी करणं, सुनेला माहेरी पाठवणं, हे सगळं उगाच.

मणक्यात तो एवढा वाईट का, तेही समजून घ्या. यकृतात शरीर गाठीभोवती जाड वेष्टन तयार करतं, त्यामुळे ती गोल आणि एकाच जागी राहते. हाडात तसं वेष्टन होत नाही. बारीक बारीक गाठी हाडाच्या सच्छिद्र भागातून वाट काढत पसरतात, वर्षानुवर्षे, फारसं न दुखता. मग एक दिवस त्या मज्जारज्जूच्या नळीत उतरतात. तिथे मुळात जागा नसते, म्हणून दाब सरळ मज्जारज्जूवर येतो. लहानपणी बकऱ्यांमागे आणि कुत्र्यांसोबत फिरलेल्या पोराला तिशीत त्रास सुरू होऊ शकतो. "आमच्याकडे आता कुत्रं नाही" या उत्तराला म्हणून अर्थ नाही.

पहिलं काम: ही पाठदुखी वेगळी आहे का, ते घरीच पाहा

कामाची पाठदुखी आराम केला की उतरते, काम केलं की चढते. वेगळी पाठदुखी रात्रीही सोडत नाही. एकाच मणक्यावर बोटाने हलकं ठोकलं तरी कळ येते. छातीच्या मणक्यात दाब असेल तर दुखणं पाठीतून फासळ्यांवरून पट्ट्यासारखं पुढे येतं, आणि घरचे "गॅस झाला" म्हणून ओवा देत राहतात.

पायांकडे लक्ष द्या. रुग्ण सहसा "पाय जड झाले" एवढंच म्हणतो. त्याला अंगणात दहा पावलं चालायला सांगा आणि चपलेकडे पाहा. पायातून चप्पल निसटली आणि त्याला ते कळलंच नाही, तर ही साधी गोष्ट नाही. धुऱ्यावरून चालताना तोल जाणं, आंघोळीचं गरम पाणी एका पायाला कमी गरम लागणं, उकिडवं बसल्यावर हात टेकल्याशिवाय उठता न येणं, हे सगळं त्याच बाजूचं आहे.

खालीलपैकी एक जरी गोष्ट दिसली, तरी रात्र काढू नका:

- लघवी अडकली, किंवा नकळत होऊ लागली
- जांघेत आणि बसायच्या जागेवर बधिरपणा
- संडासवरचा ताबा गेला
- पायाची ताकद काही तासांत किंवा दोन-चार दिवसांत उतरत चालली

अशा वेळी १०८ ला फोन करा. गावात गाडी यायला वेळ लागणार असेल तर वाट पाहत बसण्यापेक्षा तालुक्याच्या रस्त्याकडे निघा, पण रुग्ण नीट नेऊन. पोखरलेला मणका वाकल्यावर बसू शकतो. दोरीच्या किंवा नवारीच्या खाटेला मध्ये झोळ पडतो, त्यावरून नेऊ नका. रुंद सपाट फळी घ्या, नाहीतर जुनं दारही चालतं. कुशीवर वळवताना डोकं, खांदे आणि कंबर तिघांनी मिळून एकदम वळवायची. मोटरसायकलवर दोघांच्या मधे बसवून नेण्याची आपल्याकडे सवय आहे. या रुग्णाच्या बाबतीत ती विसरा.

आणि पायाळू माणूस. पायाळूने पाठीला पाय लावला की लचक निघते, असं आजही मानलं जातं. साध्या लचकेत यातून सहसा फार काही बिघडत नसेल, पण आतून पोकळ झालेल्या मणक्यावर पाय देणं म्हणजे मोडतोडच. मालिश, पाठ कडाकड वाजवणं, सांध्यात घरगुती सुया टोचून घेणं, या सगळ्याला हीच गोष्ट लागू. पाठदुखीसोबत पाय जड असतील तर पाठीला कुणी हात लावू नये.

दुसरं काम: डॉक्टरकडे जाण्याआधी एक कागद लिहा

प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात डॉक्टरला हायडॅटिड एकदम सुचेल अशी अपेक्षा धरू नका. पाठदुखी, बारीक ताप, वजन उतरणं आणि पायात अशक्तपणा म्हटलं की आपल्याकडे आधी मणक्याचा टीबी आठवतो, आणि ते बरोबरही आहे, कारण टीबी कितीतरी पटीने जास्त आढळतो. पण एक्स-रे आणि एमआरआयवर हे दोन्ही एकमेकांसारखे दिसू शकतात. टीबीची औषधं महिनोन्‌महिने चालू आहेत, गोळी एकही चुकलेली नाही, तरी पाय उतरत चाललेत, असा रुग्ण असेल तर "हे दुसरं काही असू शकतं का?" हा प्रश्न विचारायचा तुम्हाला हक्क आहे. गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने बंद करायच्या नाहीत.

कागदावर एवढं लिहा: दुखणं कधी सुरू झालं, पाय कधी जड झाले, लघवी-संडासचं काय. घरी किंवा लहानपणी कुत्री, बकऱ्या, मेंढ्या होत्या का. मेंढपाळ, खाटीक किंवा कातड्याचं काम घरात कुणी केलंय का. घराच्या जवळ जनावरं कापली जातात का. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आधी कधी पोटातल्या किंवा छातीतल्या 'पाण्याच्या गाठी'चं ऑपरेशन झालंय का. लोक हे सांगायचं विसरतात, कारण त्यांना वाटतं, पोटाचा आणि पाठीचा काय संबंध. जुनी फाईल ट्रंकेत असेल तर काढा. हा एक कागद कधी कधी महागड्या तपासणीच्या आधी निदान सुचवून जातो.

तिसरं काम: तपासण्या, आणि सुई लावण्याआधी एक प्रश्न

मणक्यासाठी खरी तपासणी एमआरआय. फिल्ममध्ये मणक्यात आणि त्याच्या बाजूला पातळ भिंतींच्या, पाण्याने भरलेल्या लहान-मोठ्या गाठी द्राक्षाच्या घोसासारख्या दिसल्या की डॉक्टरला अंदाज येतो. दोन मणक्यांमधली चकती बरेचदा शाबूत राहते. टीबीत ती सहसा लवकर खराब होते. हाड किती खाल्लं गेलं ते सीटी स्कॅनवर जास्त चांगलं कळतं. शक्य असेल तर पूर्ण पाठीचा एमआरआय करून घ्या, कारण गाठी एकाहून जास्त पातळ्यांवर असू शकतात.

यासोबत पोटाची सोनोग्राफी आणि छातीचा एक्स-रे. दोन्ही स्वस्त आहेत आणि दोन्हींतून यकृत-फुप्फुसातली गाठ सापडू शकते. तिथे सापडली तर पाठीतल्या गाठीचं कोडं निम्मं सुटतं. रक्ताची हायडॅटिड अँटिबॉडी तपासणी म्हणजे एलायझाही करतात, पण हाडाच्या आजारात ती बऱ्याच वेळा निगेटिव्ह येते. रक्तातल्या इओसिनोफिल पेशी वाढलेल्या असतीलच असंही नाही. "रक्त चांगलं आलं" म्हणून परत गावी येऊ नका.

आता सुईबद्दल. मणक्यातलं पाणी किंवा तुकडा सुईने काढून तपासायला पाठवणं ही टीबीत आणि कॅन्सरमध्ये नेहमीची गोष्ट आहे. हायडॅटिडच्या गाठीला सुई लागली आणि आतलं पाणी सांडलं, तर शरीराची तीव्र ॲलर्जी होऊन रक्तदाब एकदम कोसळू शकतो, आणि सांडलेल्या अळ्यांपासून नव्या गाठी होऊ शकतात. म्हणून सुई ठरली की नम्रपणे एवढंच विचारा: "डॉक्टरसाहेब, ही पाण्याची गाठ हायडॅटिडची असू शकते का? घरी बकऱ्या-कुत्री आहेत." तुकडा घेणं कधी कधी टाळता येत नाही. पण शंका आधीच मनात असेल तर डॉक्टर इमर्जन्सीच्या तयारीने घेतात.

चौथं काम: कुठे जायचं आणि सोबत काय न्यायचं

हे ऑपरेशन तालुक्याला होत नाही. त्यासाठी न्यूरोसर्जन किंवा मणक्याचा सर्जन, एमआरआय आणि आयसीयू लागतो. नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे आपलं 'मेडिकल', आणि त्याचं सुपर स्पेशालिटी, मिहानमधलं एम्स, वर्ध्याकडे सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगी मेघेचं आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय. जाण्याआधी संबंधित विभागाची ओपीडी कोणत्या वारी असते ते फोन करून विचारा, नाहीतर गडचिरोली-मेळघाटाकडून निघालेल्या माणसाचा एक दिवस आणि गाडीभाडं फुकट जातं. ग्रामीण रुग्णालयाची रेफर चिठ्ठी घ्या. दारात तीच उपयोगी पडते. पाय वेगाने उतरत असतील तर मात्र ओपीडीचा वार पाहायचा नाही, सरळ कॅज्युअल्टी.

पैशाचं आधीच बोललेलं बरं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांची आता सांगड घातलेली आहे आणि कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राची, म्हणजे योजनेच्या मदतनीसाची, खिडकी असते. भरती होण्याच्या दिवशीच तिथे जा. ऑपरेशन झाल्यावर "कार्ड होतं की" म्हणून उपयोग नसतो. कोणतं ऑपरेशन, कोणतं इम्प्लांट (मणक्यात बसवायचे स्क्रू, रॉड) योजनेत बसतं हे त्यालाच विचारा. मदत क्रमांक १५५३८८. सोबत रेशन कार्ड, आधार आणि आयुष्मान कार्ड, सगळ्यांच्या दोन-दोन झेरॉक्स.

एमआरआयची फिल्म घडी करू नका आणि सीडी वेगळ्या पाकिटात ठेवा. पुढच्या प्रत्येक डॉक्टरला छापील रिपोर्टापेक्षा फिल्म पाहायची असते. ती हरवली की पुन्हा खर्च, पुन्हा नंबर.

पाचवं काम: ऑपरेशन

१९८१ साली ब्रेथवेट आणि लीस यांनी मणक्यातल्या हायडॅटिडचे पाच प्रकार मांडले: मज्जारज्जूच्या आत, त्याच्या आवरणाच्या आत, आवरणाच्या बाहेर, मणक्याच्या हाडात आणि मणक्याच्या बाजूला. तुमच्या रुग्णाचं ऑपरेशन किती मोठं, ते यावर ठरतं. आवरणाच्या बाहेरची गाठ कधी सुटीसुटी निघून येते. हाडात पसरलेलं मात्र पूर्ण साफ करणं अवघड असतं; काही वेळा खराब मणका काढून त्या जागी आधार बसवावा लागतो आणि वर-खाली स्क्रू आणि रॉड लावावे लागतात.

सर्जनचं पहिलं उद्दिष्ट मज्जारज्जूवरचा दाब काढणं आणि दुसरं, शक्य तितक्या गाठी न फोडता बाहेर काढणं. मणक्यात गाठ न फुटता निघेलच असं नसतं. सांडलेल्या अळ्या मराव्यात म्हणून आजूबाजूला खारं तीव्र द्रावण वापरतात, पण ते मज्जारज्जूला लागू न देता. नंतर काढलेला तुकडा तपासणीला जातो. तो पॅथॉलॉजी रिपोर्ट आठवणीने घ्या. बरेच लोक टाके काढून घरी येतात आणि हा कागद तिथेच राहतो. वर्षभराने पुन्हा त्रास झाला की तोच सगळ्यात आधी मागतात.

सर्जनला तीन गोष्टी विचारा. गाठी सगळ्या निघाल्या का, की काही मागे ठेवाव्या लागल्या? मणका आता वजन पेलेल का, किती दिवस ओझं नाही? आणि गाठींवरच्या गोळ्या (त्यांचं पुढे येतं) कधीपर्यंत? पायात ताकद असेल तर कधी ऑपरेशनआधी काही दिवस गोळ्या देतात. पाय उतरत असताना मात्र "आधी गोळ्यांनी पाहू" असं घरच्यांनी म्हणू नये. दबलेल्या मज्जारज्जूला गोळीने वेळेत मोकळं करता येत नाही.

सहावं काम: अल्बेंडाझोल, आणि ती शाळेतली गोळी

औषधाचं नाव ऐकून लोक हसतात. अल्बेंडाझोल तर पोरांना शाळेत देतात! खरंय, राष्ट्रीय जंतनाशक दिनाला, म्हणजे १० फेब्रुवारीला आणि वर्षातून दुसऱ्यांदा ऑगस्टमध्ये, तीच गोळी मिळते. पण तिथे आतड्यातल्या जंतांसाठी एकच डोस असतो. मणक्यातल्या गाठींना ती एक गोळी काहीच करत नाही. इथे वजनाच्या दर किलोमागे रोज १० ते १५ मिलिग्रॅम, दोन वेळांत. मोठ्या माणसाला बहुधा ४०० मिलिग्रॅम सकाळी आणि तितकीच रात्री. आणि हे दिवसांचं काम नाही, महिन्यांचं आहे. हाडात पसरलेलं असेल तर वर्षांचं. डोस आणि मुदत डॉक्टरच ठरवणार.

गोळी उपाशीपोटी घेतली तर फार थोडी अंगात जाते. तेल-तुपाच्या जेवणासोबत घेतली की कितीतरी जास्त शोषली जाते. म्हणून ती जेवतानाच घ्या, आणि त्या जेवणात थोडं तूप, शेंगदाण्याची चटणी किंवा तेलाची भाजी असू द्या. घरच्या आजीला हे पथ्याच्या उलट वाटेल. आजारी माणसाला तेल? तिला समजावून सांगा, या गोळीचं पथ्य हेच आहे.

ही गोळी यकृतावर आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशींवर ताण आणू शकते. सुरुवातीला साधारण दर दोन आठवड्यांनी लिव्हर फंक्शन (यकृताची तपासणी) आणि सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करायला सांगतात. पुढे अंतर वाढतं. ही तपासणी ग्रामीण रुग्णालयातही होऊ शकते, त्यासाठी दरवेळी नागपूर गाठायची गरज नाही, रिपोर्टाचा फोटो पाठवता येतो का ते डॉक्टरला विचारून ठेवा. डोळे पिवळे झाले, किंवा ताप आणि घसा दुखणं सुरू झालं, तर कावीळ उतरवणाऱ्याकडे न जाता त्याच दिवशी रक्त तपासा आणि पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरशी बोला. केस थोडे गळतात, ते बहुधा परत येतात. बाईमाणूस असेल तर गोळ्या चालू असताना आणि बंद केल्यावर निदान महिनाभर गर्भ राहू नये याची सोय करावी. दिवस राहिल्याची शंका आली तर लगेच सांगावं.

गोळ्या मधेच सुटण्याचं मोठं कारण, माझ्या मते, रुग्णाला बरं वाटू लागणं हेच आहे. दुखणं थांबतं, सोंगणीचे दिवस येतात, आणि पाकीट मागे पडतं. पाठीचा हायडॅटिड परत येण्यासाठी बदनाम आहे; काही डॉक्टर त्याला पांढरा कॅन्सर म्हणतात ते याचमुळे. त्यामुळे ठरलेल्या तारखांना एमआरआय चुकवू नका, आणि वर्षांनंतरही पुन्हा पाठ दुखू लागली तर ती कामाची पाठदुखी असं गृहीत धरू नका.

पाय परत यायला वेळ लागतो, तोवर घरात

पाय किती परत येतील हे बरंचसं ऑपरेशनआधी ते किती आणि किती काळ गेले होते, यावर असतं. सगळ्यांचे येत नाहीत. पण वाट पाहतानाच्या काळात झालेली जखम माणसाला जास्त छळते. पायाला संवेदना नसलेल्या रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदला, रात्रीही. टाच, माकडहाड आणि कमरेच्या बाजू रोज उजेडात पाहा. लाल डाग बोट दाबून पांढरा होत नसेल तर त्या कुशीवर निजवणं बंद. हिवाळ्यात शेगडी पायाजवळ ठेवायची नाही, त्याला भाजलेलं कळणार नाही. लघवीची नळी किती दिवसांनी बदलायची ते लिहून घ्या. फिजिओथेरपिस्टने शिकवलेले व्यायाम घरातल्या दोघांनी तरी शिकावेत, एकटी बायको थकते. अपंगत्व राहिलं तर जिल्हा रुग्णालयातून दिव्यांग प्रमाणपत्र काढा. सवलतींसाठी बहुतेक ठिकाणी ४० टक्क्यांची अट असते.

डुकराचा फीतकृमी वेगळा आहे

मणक्यात गाठी करणारा आणखी एक फीतकृमी आहे, टीनिया सोलियम. नाव ऐकून लोक डुकराच्या मटणाला दोष देतात, पण अर्धीच गोष्ट खरी आहे. अर्धवट शिजलेल्या मांसातून माणसाच्या आतड्यात मोठा कृमी होतो. मेंदूत आणि क्वचित मणक्यात होणाऱ्या गाठी मात्र त्या माणसाच्या विष्ठेतली अंडी पोटात गेल्याने होतात. म्हणजे उघड्यावरचा संडास आणि न धुतलेले हात. या रुग्णाला बऱ्याचदा झटके येतात. इथेही अल्बेंडाझोल आहे, पण सोबत सूज कमी करणारं औषध देतात आणि गोळ्या सुरू करण्याआधी डोळे तपासतात, कारण डोळ्यात गाठ असेल तर नजर जाऊ शकते. एका रुग्णाची चिठ्ठी दुसऱ्याने वापरायची नाही, ती या कारणानेही. घरातल्या सगळ्यांची विष्ठा तपासून घ्या. अंडी टाकणारा माणूस बरेचदा त्याच घरात असतो.

घर आणि गाव: कुठे तोडायचं

रुग्ण सापडला की आधी घरातल्या सगळ्यांची पोटाची सोनोग्राफी करून घ्या. त्याच अंगणात सगळे वाढले, तेच पाणी प्यायले. कुणाच्या यकृतात गाठ निघाली तर ती मणक्यापेक्षा कितीतरी सोपी असते.

मग आठवडी बाजाराच्या दिवशी मटणाच्या दुकानामागे जाऊन उभे राहा. बोकड उघडला की खाटीक कलेजी हातावर घेतो, उलटतो. एखाद्या कलेजीवर पांढुरका, ताणलेला, बोटाने दाबला तर पाण्यासारखा हलणारा फुगा दिसतो. तेवढा भाग सुरीने कापून तो मागे फेकतो, कारण गिऱ्हाईक तो घेत नाही. मागे तीन-चार कुत्री आधीच बसलेली असतात, आणि तुकडा जमिनीला लागायच्या आधीच त्यातलं एक तो उचलतं.

खाटकाशी भांडून उपयोग नाही, त्याला सोपा उपाय द्यावा लागतो. दुकानामागे झाकणाचा डबा ठेवायचा. गाठीचा प्रत्येक तुकडा त्यात. दिवस संपला की एकतर अर्धा-पाऊण तास खळखळ उकळायचा, किंवा खोल खड्ड्यात चुना टाकून पुरायचा आणि वर दगड ठेवायचे, म्हणजे कुत्री उकरणार नाहीत. घरी बोकड कापता तेव्हाही हेच. गावाबाहेर मेलेलं ढोर उघडं टाकणं हा त्याच चक्राचा मोठा दरवाजा आहे. ते पुरलंच पाहिजे, आणि जेसीबी लागत असेल तर तो खर्च ग्रामपंचायतीने करावा, असं माझं मत आहे. एकोणिसाव्या शतकात आइसलँडमध्ये हा रोग घरोघरी होता. तिथे लोकांना पुस्तिका वाटून, कत्तलीचा कचरा कुत्र्यांपासून दूर ठेवून आणि कुत्र्यांवर नियम आणून तो देशातून घालवला. तेव्हा एमआरआय नव्हता आणि अल्बेंडाझोलही नव्हतं.

भाजीचं साधं आहे. शिजवली की अंडी मरतात. कच्चा खायचा सांबार (कोथिंबीर), मुळा, गाजर वाहत्या पाण्यात चोळून धुवा. नुसतं बुडवून काढल्याने काही होत नाही. वावरात कुत्री फिरतात, म्हणून तिथेच उपटून खाणं सोडा. हात साबणाने, नखांसकट. सॅनिटायझरवर विसंबू नका, स्पिरिटने ही अंडी मरत नाहीत. विहिरीला कठडा हवा आणि प्यायचं पाणी उकळलेलं.

राहिलं कुत्रं. राखणीचं कुत्रं हाकलायची गरज नाही, त्याला प्रॅझिक्वांटेल ही जंताची गोळी हवी. मात्रा दर किलो वजनाला ५ मिलिग्रॅम, म्हणजे १० किलोच्या कुत्र्याला ५० मिलिग्रॅम. गोळी आणि वजन पशुवैद्यकीय दवाखान्यात पक्कं करून घ्या, कारण जंताची प्रत्येक गोळी या कृमीवर चालत नाही. अंडी पडायला सहा-सात आठवडे लागतात, म्हणून दर सहा आठवड्यांनी दिली तर उत्तम, निदान वर्षातून चारदा. गोळी कृमी मारते, अंडी मारत नाही. म्हणून गोळी दिल्यावर कुत्र्याला दोन दिवस एका जागी बांधा, त्याची विष्ठा फावड्याने उचलून जाळा किंवा खोल पुरा, पोरांना तिकडे फिरकू देऊ नका. मोकाट कुत्र्यांसाठी ग्रामसभेत पशुसंवर्धन विभागाच्या नावाने अर्ज द्या. खाटकाच्या दुकानामागच्या कुत्र्यांपासून सुरुवात करा, असं त्यात स्पष्ट लिहा, आणि अर्जाच्या प्रतीवर ग्रामपंचायतीची पोच घ्या.